मुंडी फिरवा

आमच्या प्राचार्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारा एकच माणूस मी पाहिला. हुद्द्यानं तो प्रयोगशाळा सहायक होता, म्हणजे कॉलेजच्या उतरंडीत शिपायाच्या जरासा वर आणि ग्रंथपालाच्या बराच खाली. पण सर्व्हरच्या खोलीत शिरून तो खुर्चीवर बसला, खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं दोन्ही हातांवर पांघरला आणि "सर, जरा मुंडी फिरवा" म्हटलं, की पीएच.डी. झालेले आमचे प्राचार्य निमूट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळायचे. दुपट्ट्याखाली बोटं चालायची. मग "हं, फिरा आता" अशी परवानगी मिळायची, आणि सर आपण तारीखच बघत होतो असा चेहरा करून वळायचे.

या सहायकाला सगळं कॉलेज भाऊ म्हणायचं. गडचांदूरच्या अलीकडे, सिमेंटच्या पट्ट्यात आमचं कॉलेज. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी करडं होतं. मी मूळची मिरजेची. नोकरी लागली म्हणून महाराष्ट्राच्या त्या टोकाकडून या टोकाला आले, तेव्हा मला वाटलं होतं की इथे मी संगणक शिकवणार आणि जमलंच तर शुद्ध बोलायलाही शिकवणार. पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात एक उंच, वाळका माणूस आडवा आला. "चप्पल बाहेर काढा, बाई. आन् नाव सांगा. पासवर्ड नका सांगू."

"मी कशाला सांगू?"

"सांगतात लोक. काल एक सर भाजीच्या दुकानात सांगून राह्यले होते."

लॅबमध्ये चाळीस मशीन होती, सगळी लिनक्सवर चालणारी. कुठल्याही मशीनसमोर बसा, आपलं नाव आणि पासवर्ड टाका, की आपलं काम समोर हजर. कारण नावांची यादी आणि पोरांचं सगळं काम आतल्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर होतं. ही व्यवस्था भाऊंनी एकट्यानं, एका जाड पुस्तकावरून बसवली होती. त्या पुस्तकाला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि वर "गीता" असं लिहिलं होतं, म्हणजे कोणी मागायला नको.

ती व्यवस्था मी वर्गात समजावायला गेले की पोरं जांभया द्यायची. भाऊ दारातूनच सांगायचे. "हे पाहा, चाळीस घरं आहेत. प्रत्येक घरचा एक मालक. तो आपल्या घरात काय भी करू शकते. पण गावात कोण रायते, कोणाले घरात घ्याचं, त्याची वही पाटलापाशी. मालक वेगळा, पाटील वेगळा. मालकाचा पासवर्ड गेला तं एक घर गेलं. पाटलाचा गेला तं गाव गेलं." चाळीस घरांच्या किल्ल्या त्यांनी वर्षभरात माझ्या हवाली केल्या. पाटलाची मात्र त्यांच्याजवळच राहिली.

एखादं पोरगं पासवर्ड विसरून यायचं. "भाऊ, पाहून सांगा ना."

"मले नाई दिसत. सर्व्हरले भी नाई दिसत. त्याच्यापाशी तुह्या पासवर्डचं पीठ आहे फक्त. तू रोज धान आणून टाकते, तो दळते, आन् जुन्या पिठासंग ताडून पाह्यते. पीठ पाहून धान कोणत्या शेताच्या बांधीतलं होतं ते सांगता येते का बे?"

मी हीच गोष्ट फळ्यावर तीन आकृत्या काढून शिकवत असे. परीक्षेत पोरं उत्तरात पीठ लिहायची आणि मला मुकाट्यानं मार्क द्यावे लागायचे.

सोमवारी भाऊंची धाड पडायची. दहा वाजता ते स्टाफरूममध्ये शिरत आणि एकेका टेबलावरचा कीबोर्ड उचलून पाहत. पासवर्डाची चिठ्ठी सापडली की ती वाचायची नाही, घडी घालायची, आणि चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर मालकाला परत करायची. "सर, हे तुमचं पडलं होतं." एकदा भौतिकशास्त्राच्या सरांनी चिठ्ठी कीबोर्डखाली न ठेवता खुर्चीखाली चिकटवली. भाऊंनी खुर्चीच उलटी केली, सर तीवर बसलेले असताना. सर उठून पँट झटकत होते आणि भाऊ त्यांना समजावत होते, "पासवर्ड लिहाचा नसते, सर. बोलाचा भी नसते. वागवाचा असते."

त्यांचे कानही विलक्षण होते. आपण टाइप करत असलो की ते डोळे मिटून उभे राहत आणि नंतर सांगत, "सात अक्षरं. त्यातला एक आकडा. बदला." मधलं लांब बटण दाबलं की धप्प आवाज येतो, तो ऐकला की खूश होत. "माणूस बोलते तं मधी श्वास घेते. पासवर्डात भी घ्याचा."

पासवर्ड कसा असावा याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. तो आपल्या मायच्या तोंडचं वाक्य असावा. नाव नको, जन्मतारीख नको, देवही नको. "चोर डिक्शनरी घेऊन येते, बाई. एका मिनिटात सारे शब्द लावून पाह्यते, इंग्रजी भी, मराठी भी. पण माही माय जे बोलते ते कोणत्या डिक्शनरीत आहे?"

"म्हणजे तुमचं अशुद्ध मराठी सुरक्षित, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"अशुद्ध म्हणा, काय भी म्हणा. सुरक्षित आहे ना?"

माझं तोंड तेव्हा फार चालायचं. ते "मले" म्हणाले की मी "मला" म्हणायची. ते "काऊन" म्हणाले की मी "का". त्यांना राग येत नसे. "हाव, मला," असं ते एकदा म्हणून दाखवत, शाळेत हात पुढे करणाऱ्या पोरासारखं, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "मले". चामोर्शीकडच्या धानाच्या गावात वाढलेला माणूस, एकतीस वर्षं आमच्या कॉलेजात काढून तो तसाच्या तसा उरला होता. मी सहा वर्षं त्यांना दुरुस्त करत होते. एवढी चिकाटी मी स्वतःच्या पीएच.डी.साठी दाखवली असती तर आज प्राचार्य झाले असते.

दोन प्रसंग कॉलेजात अजून सांगितले जातात. पहिला तपासणी समितीचा. पाच पाहुणे आले होते, कोट घातलेले. त्यांना सर्व्हर बघायचा होता. भाऊंनी आधी त्यांच्याकडून बूट काढून घेतले, कारण बुटाबरोबर सिमेंट आत येतं. त्या खोलीची एकुलती एक खिडकी त्यांनी चिकटपट्टी लावून कायमची बंद केली होती, दाराखाली जुन्या सतरंजीची गुंडाळी असायची. पाचही पाहुणे मोज्यांवर आत गेले. भाऊंनी दुपट्टा पांघरला आणि म्हणाले, "साहेब, मुंडी फिरवा." अध्यक्षांना वाटलं, पाठीमागे काही दाखवायचंय. पाचही जण वळले. भिंतीवर कॅलेंडरशिवाय काहीच नव्हतं. मी दारातून पाहिलं तर शाळेत शिक्षा म्हणून उभं करावं तसे पाच कोट ओळीनं उभे, आणि आमचे प्राचार्य सवयीनं सहावे. त्या वर्षी अहवालात आमच्या सुरक्षा व्यवस्थेचं कौतुक आलं.

दुसरा प्रसंग फोनचा. प्राचार्य नागपूरला मीटिंगला गेले होते. तिथून त्यांनी भाऊंना फोन केला, की मला अमुक फाइल काढायची आहे, पाटलाचा पासवर्ड सांगा.

"तुम्ही सरच आहा, हे मी कशावून मानू?"

"अहो, आवाज ओळखत नाही का माझा?"

"आवाज कोणी भी काढते. ते नाटकवाले नाई का काढत?"

प्राचार्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, कॉलेजचा पत्ता सांगितला, शेवटी कंटाळून कॅलेंडरवर कुठल्या देवाचं चित्र आहे तेही सांगितलं. भाऊ म्हणाले, "हे तं सगळ्याइले मालूम आहे," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांनी खुलासा मागवला. भाऊंनी एका ओळीत लिहून दिलं की फोनवरचा इसम प्राचार्य असल्याचा पुरावा देऊ शकला नाही.

जेवणाच्या बाबतीतही त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. ते भात खायचे. सकाळी भात, दुपारी भात, डब्यात लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात. मी दीड वाजला तरी लॅबमध्ये वह्या तपासत बसलेली असे. शेवटची दोन वर्षं ते रोज न चुकता दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, भात निवून राह्यला, काऊन येत नाई?"

माझ्या डब्यात भात नसायचाच. मी चपाती आणायची. पहिल्यांदा मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मग चिडून म्हटलं, "भाऊ, चपाती आहे, भात नाही. आणि 'भात निवतोय, का येत नाही' असं म्हणा."

"हाव, निवतोय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा दारात. "भात निवून राह्यला, काऊन येत नाई?" वय झालं, मी मनात म्हटलं.

पावसाळा सरता सरता ते निवृत्त झाले. प्राचार्यांनी तेवढ्यापुरती हिंमत केली आणि बजावलं, की पाटलाचा पासवर्ड लिहून द्या, त्याशिवाय निरोप समारंभ नाही. भाऊंनी बराच वेळ विचार केला आणि एक लिफाफा आणून दिला, लाखेनं बंद केलेला, चारही कडांना सही. तो कार्यालयाच्या कपाटात गेला. भाऊ शाल, नारळ आणि गीता घेऊन गावी गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तो दिवस मला पुरता आठवतो. दुसऱ्या दिवशी दहाला प्रात्यक्षिक परीक्षा होती. साठ पोरं, बाहेरून परीक्षक येणार. सकाळी मी लॅब उघडली आणि चाळीसच्या चाळीस मशीननी मला ओळखायला नकार दिला. पोरांनाही. अगदी कोणालाच.

दुपारपर्यंत डोकं खाजवून मी कारण शोधलं. मशीननं सर्व्हरला "हा माणूस आपल्या गावचा का" असं विचारायचं, तर मशीनलाही स्वतःचं एक ओळखपत्र लागतं. भाऊंनी नियम केला होता की दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा पासवर्ड संपणार. पाटलाचा तेवढा संपत नसे, नाहीतर किल्ली बनवणाराच बाहेर राहिला असता. पण मशीनच्या ओळखपत्रालाही त्यांनी तोच नियम लावला होता. नियम म्हणजे नियम, मशीनला काऊन सोडायचं? इतकी वर्षं ते स्वतः आठवणीनं ते नवं करत आले होते. जाताना मला सांगायचं तेवढं राहिलं. आता ते नवं करायला पाटलाचा पासवर्ड हवा होता. पोरांना मशीनवर कसंतरी बसवता आलं असतं, पण त्यांचं सहा महिन्यांचं काम सर्व्हरच्या पोटात होतं.

लिफाफा आणला. लाख फोडली. आत एक चिठ्ठी. प्राचार्यांनी मोठ्यानं वाचली: "पासवर्ड लिहाचा नसते. बाईंले मालूम आहे. मी दोन वर्ष रोज सांगून राह्यलो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, शपथ सांगते, मला काही माहीत नाही."

प्राचार्यांना ते पटलं की नाही देव जाणे. त्यांनी बूट काढले आणि स्वतः खुर्चीवर बसून कॉलेजच्या स्थापनेचं वर्ष टाकून पाहिलं. मग स्वतःचं नाव टाकून पाहिलं, बहुधा आशेनं. दोन चुका. तोवर नागपूरहून सकाळीच मागवलेला माणूस आला. तोही काही विचारायच्या आत खुर्चीवर बसला आणि जगातला सगळ्यात सोपा पासवर्ड टाकून मोकळा झाला. तीन. तेव्हा मी ओरडले. पाच चुका झाल्या की चोवीस तास दार बंद, हाही भाऊंचाच नियम होता.

नागपूरच्या माणसानं मान हलवली. डिस्कलाही कुलूप होतं. सर्व्हर बंद करून उघडला तरी तोच पासवर्ड मागणार. बॅकअप होता, त्यालाही तेच कुलूप. "पुसून नवीन टाकावं लागेल, मॅडम. पोरांचं जुनं काम जाईल. पाच वाजेपर्यंत सांगा."

प्राचार्य एकदम शांत झाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "म्हाताऱ्यानं जाता जाता कॉलेजला कुलूप घातलं," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन त्यांनी हेडक्लार्कला बसवलं. जाणूनबुजून संस्थेची अडवणूक, विद्यार्थ्यांचं नुकसान, कारवाई व्हावी, अशी तक्रार टाइप व्हायला लागली. तो टकटक आवाज आत ऐकू येत होता. एकतीस वर्षांत ज्या माणसानं कुणाची सापडलेली चिठ्ठीसुद्धा उघडून वाचली नाही, त्याच्या नावावर हा डाग लागणार होता. मला रडू यायला लागलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. मी लॅबमध्ये येऊन फोन लावला. सातव्या वेळी उचलला. पलीकडे वारा होता आणि बाया बोलत होत्या. धानाची कापणी चालू असावी.

"भाऊ, मी बोलतेय, कॉलेजातून."

"मी कोण?"

"मी! बाई!"

"बाया तं गावोगाव आहेत."

मी एका दमात सगळं सांगितलं. मशीनच्या ओळखपत्राचंही सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "हाव. ते माह्याच्यानं राह्यलं. चूक माही आहे. सरले तसं सांगा."

"भाऊ, सर तक्रार लिहून राह... लिहितायत. पाच वाजता सगळं पुसणार आहेत. पासवर्ड सांगा."

"फोनवर?"

"हो, फोनवर!"

"फोनवर नाई सांगत, बाई. तुम्ही बाईच आहा, हे मी कशावून मानू?"

मी फोन आपटणारच होते. "तुमचं नाव जाईल, भाऊ! लोक चोर म्हणतील तुम्हाला!"

"म्हणू द्या." ते म्हणाले. "बरं, एक सांगा. बाईच्या डब्यात काय रायते?"

"चपाती!"

"भात कधी होता?"

"कधीच नव्हता!"

"मंग मी रोज भात काऊन म्हणत होतो?"

आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तिथेच खाली बसले. दोन वर्षं. रोज दीड वाजता. तो माणूस जेवायला बोलावत नव्हताच. ते त्यांच्या मायचं वाक्य होतं, धानाच्या बांधीत खेळणाऱ्या पोराला दारातून मारलेली हाक, आणि ते ती रोज माझ्या कानात घालत होते.

मी धावत आत गेले आणि ऐटीत टाइप केलं. रोमन अक्षरांत, मधे श्वास घेत. भात निवतोय का येत नाही.

चूक. चार झाल्या.

आता एकच उरली. बाहेर टाइपिंग थांबलं होतं, प्रिंटरचा आवाज सुरू झाला होता. मी पडद्याकडे बघत बसले आणि मग मला माझंच वाक्य दिसलं. भाऊ असं कधी बोलले होते? हे तर मी बोलले होते. त्यांचं वाक्य माझ्या कानातून आत जाईपर्यंत मी ते दुरुस्त करून टाकलं होतं. सहा वर्षं मी त्या माणसाचं व्याकरण तपासत होते आणि तो जे बोलत होता ते ऐकतच नव्हते. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

मी फोनवर त्यांचे जुने मेसेज काढले. ते रोमनमध्ये लिहायचे, जसं बोलतात तसं. "बाई, पाणी येऊन राह्यलं, बस नाई." "बाई, काऊन नाई आल्या?" मी त्या मेसेजांना तेव्हा हसले होते, एकदा तर उत्तरादाखल लाल पेनाचं चित्र पाठवलं होतं. आता एकेक अक्षर पाहिलं. काऊनच्या "का"ला दोन ए. नाईच्या "ना"लाही दोन. राह्यलामधला वाय कुठे येतो ते तीनदा पाहिलं. मग डोळे मिटून ते वाक्य त्यांच्या आवाजात स्वतःशी म्हटलं, दाराला टेकून, जरा वाकून, ते म्हणायचे तसं.

प्राचार्य सहीसाठी कागद हातात घेऊन दारात आले होते. मागे नागपूरचा माणूस. मी ओढणी काढून हातांवर पांघरली.

"सर, मुंडी फिरवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळले. त्यांच्यामागे नागपूरचा माणूसही वळला, कशाला ते न कळता.

भात निवून राह्यला काऊन येत नाई.

दार उघडलं. मशीनचं ओळखपत्र नवं करायला मला एक मिनिटही लागलं नाही. लॅबमधून पोरांचा एकदम ओरडा आला. चाळीस मशीननी त्यांना पुन्हा ओळखलं होतं. हेडक्लार्क विचारत आला, "सर, सही?" सर म्हणाले, "कसली सही? फाडा ते." मग मोजे सावरत, अगदी खासगी आवाजात त्यांनी मला विचारलं, "पण होतं काय ते?"

"पासवर्ड विचारायचा नसतो, सर," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी तो बदलला. माणूस गेला की त्याचा पासवर्ड बदलायचा, हा भाऊंचाच नियम, आणि त्यांच्यासाठी तो मोडला असता तर तेच पहिले रागावले असते. म्हणून तर इथे बिनधास्त लिहिते आहे. सोमवारची धाड आता मी घालते. भौतिकशास्त्राचे सर मला बघून उभेच राहतात.

धान घरात आल्यावर भाऊ एकदा आले. हातात नव्या तांदळाची थैली. "चपातीवाल्या बाईसाठी," असं म्हणून माझ्या टेबलावर ठेवली. दारात चप्पल काढून सर्व्हरच्या खोलीत गेले, खिडकीच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवून ते बोट उजेडात धरलं आणि मान डोलावली. तेवढ्यात एक पोरगी पासवर्ड विसरल्याचं सांगत आली. मी खुर्चीवर बसले. भाऊ शेजारी उभे.

"बाई, जुनाच ठेवला का बदलला?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "मले सांगाले काय हरकत आहे? मी तं घरचाच."

मला कळलं की ही परीक्षा आहे. आणि थोडीशी खरी विचारणाही आहे, हेही कळलं.

"तुम्ही भाऊच आहा, हे मी कशावून मानू?" मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते तसंच्या तसं निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले, सगळे दात दिसतील असे.

"मुंडी फिरवा, भाऊ."

ते भिंतीकडे वळले. हात मागे बांधून, ताठ. मी ओढणीखाली टाइप करायला लागले आणि ते डोळे मिटून ऐकत असणार हे मला माहीत होतं. धप्प. धप्प. धप्प. माझ्या आईचं वाक्य आहे ते, मिरजेचं, कुठल्याही डिक्शनरीत नसलेलं. तीही शुद्ध बोलत नसे, हे मी इतकी वर्षं विसरले होते. शेवटचं बटण दाबलं.

"लंबा आहे," भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "चांगला आहे. मायचाच आहे."

"झालं, भाऊ. फिरा आता."

ते फिरले नाहीत. पोरीचं काम झालं, ती गेली. तरी तसेच उभे.

"भाऊ?"

"थांबा, बाई, एक मिनिट." त्यांनी दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं. "सिमेंट गेलं वाटते डोळ्यात."

त्यांनीच चिकटपट्ट्या लावून, सतरंजी कोंबून बंद केलेली ती खोली. इतक्या वर्षांत सिमेंटचा एक कण तिथे आला नव्हता. त्यांचं ते वाक्य मी दुरुस्त केलं नाही.